दफ्तरी न लागलेला ठेका

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या गावी क्यूबाचा ठेका पोहोचला, तो कोणा संगीतपत्रकाराच्या लेखातून नव्हे, तर चित्रपटांतून आणि रेडिओ सिलोनवरून; आणि १९५२ नंतर बा. वि. केसकर या मराठी मंत्र्यांच्याच अमदानीत आकाशवाणीवर चित्रपटगीतांस मज्जाव झाला, तेव्हा तर रसिकांची सारी भिस्त सिलोनवरच राहिली.

१९४७ साली न्यूयॉर्कात डिझी गिलेस्पीने चानो पोसो या क्यूबन वादकास आपल्या वाद्यवृंदात घेऊन कोंगा या क्यूबन ढोलाचा आणि जाझचा संयोग घडविला. त्यानंतर तीनच वर्षांनी, मूळचे पुणतांब्याचे आणि नागपुरास शंकरराव सप्रे यांच्यापाशी शिकलेले सी. रामचंद्र यांनी लंडनचा लॅटिन वाद्यवृंदप्रमुख एडमुंडो रॉस याची एक चाल ‘समाधी’ चित्रपटात हिंदी गीतासाठी योजिली. १९५१ च्या ‘अलबेला’त तर हळदोण्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरच अवतरला. गुडघ्यांमध्ये धरून बोटांनी वाजवावयाचा बोंगो चित्रपटसंगीतात रूढ केला तो कावस लॉर्ड या पारशी वादकाने. दोन मात्राखंडांत तीन आणि दोन असे पाच आघात विभागणारी क्यूबन लय तीनतालावर पोसलेल्या कानास प्रथम अडखळल्यासारखी वाटते. पण पावलांस ती फारशी शिकवावी लागत नाही.

या घडामोडींची नोंद कोणी ठेवली? मुंबईत निरंजन झवेरी यांनी १९५२ च्या सुमारास ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जाझला वाहिलेले नियतकालिक काढले. ते अल्पायुषी ठरले, परंतु झवेरींचा ध्यास टिकला आणि १९७८ साली ‘जाझ यात्रा’ हा संगीतमहोत्सव उभा राहिला. पुढे २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथात मुंबईच्या जाझयुगाचा साक्षेपी वृत्तांत दिला. हे सारे लेखन इंग्रजीत. मराठीत संगीतसमीक्षेची वाण होती असे मुळीच नाही. अमरावतीचे केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गवयांची मर्मग्राही परीक्षणे लिहीत, आणि पुढे प्रभात फिल्म कंपनीत संगीतदिग्दर्शकही झाले. मात्र आमच्या समीक्षेचा दरबार मुख्यत्वे ख्यालाचा आणि नाट्यपदाचा. बोंगोवाल्यास तेथे मुजऱ्यालाही जागा नव्हती.

माझ्या मते ही आमच्या पत्रकारितेची मोठी कसूर होय. सी. रामचंद्रांचे हे प्रयोग ताजे असतानाच कोणी मराठीत आठवड्याआठवड्याला टिपले असते, तर आपल्याच माणसाच्या कर्तृत्वाचा तपास घेण्यासाठी आज इंग्रजी ग्रंथांचे उंबरठे झिजवावे लागले नसते.