परस्परव्यापी अवलंबी कामांचे वेळापत्रक

परस्परव्यापी अवलंबी कामांचे वेळापत्रक ही प्रकल्प व्यवस्थापनातील एक नियोजनपद्धती आहे. दुसरे काम पहिल्यावर अवलंबून असते, तरीही पहिले पूर्ण होण्याआधी ते सुरू करता येते, अशा कामांच्या तारखा ठरवण्यासाठी ती वापरली जाते. आधीच्या कामास पूर्वगामी आणि नंतरच्या कामास उत्तरगामी काम म्हणतात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, प्रायमाव्हेरा यांसारख्या संगणक प्रणालींमध्ये कामांचे हे संबंध नोंदवले की तारखांची गणना आपोआप होते.

इतिहास

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ड्यूपाँ व रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी निर्णायक मार्ग पद्धत विकसित केली. तिच्या आकृतीत प्रत्येक काम बाणाने दाखवले जाई व एक बाण संपल्यावरच पुढचा सुरू होई. त्यामुळे एकाच वेळी चालणारी कामे दाखवण्यासाठी त्यांचे तुकडे करावे लागत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन फोंडाल यांनी १९६१ मध्ये कामे चौकटींत व संबंध रेषांनी दाखवण्याची रीत मांडली. तिच्यातून पुढे पूर्वक्रम आकृती पद्धत आकारास आली.

संबंधांचे प्रकार

* समाप्ती–प्रारंभ : पूर्वगामी संपल्यावर उत्तरगामी सुरू होते. हा सर्वाधिक वापरला जाणारा संबंध आहे.
* प्रारंभ–प्रारंभ : पूर्वगामी सुरू झाल्यावर उत्तरगामी सुरू होऊ शकते.
* समाप्ती–समाप्ती : पूर्वगामी संपल्याशिवाय उत्तरगामी संपू शकत नाही.
* प्रारंभ–समाप्ती : पूर्वगामी सुरू झाल्यावरच उत्तरगामी संपते, उदा. नवी पाळी हजर झाल्यावर जुनी पाळी सुटणे. हा प्रकार क्वचितच आढळतो.

प्रत्येक संबंधास विलंबकाल (लॅग) किंवा अग्रकाल (लीड) जोडता येतो. विलंबकाल म्हणजे मध्ये सोडलेले अंतर. अग्रकाल म्हणजे उत्तरगामी काम तितके आधी सुरू करण्याची मुभा. विलंबकाल कामाच्या दिवसांत मोजायचा की सलग दिवसांत, हेही ठरवावे लागते. काँक्रीट सुट्टीच्या दिवशीही घट्ट होत असते, म्हणून त्यासाठीचा काळ सलग दिवसांत धरतात.

उदाहरण : टेंभू उपसा सिंचन योजना

सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात टेंभू येथे कृष्णा नदीचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने उचलले जाते. ही योजना सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण भागासाठी आहे. कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ व सांगोला हे तालुके तिच्या लाभक्षेत्रात येतात. मूळ नियोजनात ८०,४७२ हेक्टर क्षेत्र धरले होते.

अशा योजनेत दोन प्रकारचे अवलंबन दिसते. वरच्या टप्प्याचे पंपगृह, ऊर्ध्वगामी नलिका व कालवा बांधण्यासाठी खालचा टप्पा पूर्ण होण्याची गरज नसते. ही बांधकामे एकाच वेळी चालू शकतात. वरच्या टप्प्याची पाण्यासह चाचणी मात्र खालच्या टप्प्यातून पाणी आल्याशिवाय होत नाही. सर्वत्र समाप्ती–प्रारंभ संबंध लावल्यास योजना कागदावर अकारण लांबते. चाचणीचा संबंध गाळल्यास शेवटच्या तालुक्याला पाणी मिळण्याची चुकीची, आधीची तारीख निघते.

कालव्याच्या कामात हाच प्रश्न लहान प्रमाणावर येतो. समजा, खोदाईस ५० व अस्तरीकरणास ३० दिवस लागतात (हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत). समाप्ती–प्रारंभ संबंधाने एकूण ८० दिवस होतात. १० दिवसांच्या विलंबकालासह केवळ प्रारंभ–प्रारंभ संबंध लावला, तर अस्तरीकरण ४० व्या दिवशी, म्हणजे खोदाईच्या १० दिवस आधी संपलेले दिसते. न खोदलेल्या कालव्याला अस्तर लावणे अशक्य असल्याने हे वेळापत्रक चुकीचे ठरते. ५ दिवसांच्या विलंबकालासह समाप्ती–समाप्ती संबंधही जोडल्यास अस्तरीकरण ५५ व्या दिवशी संपते. ते अखंड चालवायचे असेल, तर २५ दिवसांनंतर सुरू करावे लागते. अशा रीतीने २५ दिवस वाचतात.

मर्यादा

अग्रकाल हा पूर्वगामी कामाच्या अपेक्षित समाप्तीवरून मोजला जातो. खोदाईत कठीण बेसाल्ट लागून ती लांबली, तर आधीच सुरू झालेले अस्तरीकरण मध्येच थांबवावे लागते. शिवाय विलंबकालामागचे कारण वेळापत्रकात दिसत नाही. अमेरिकेच्या संरक्षण करार व्यवस्थापन संस्थेच्या १४ कलमी तपासणीत अग्रकाल मुळीच नसावा व विलंबकाल ५ टक्क्यांहून अधिक संबंधांत नसावा, असा निकष आहे. त्यामुळे अनेक नियोजक मोठे काम भागांत विभागतात, उदा. कालव्याचे किलोमीटरनिहाय तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात खोदाई व अस्तरीकरण समाप्ती–प्रारंभ संबंधाने जोडतात. यात नोंदी वाढतात, पण कोणत्या ठिकाणी काम अडले आहे ते स्पष्ट दिसते.

हे सुद्धा पहा

* गँट तक्ता
* निर्णायक मार्ग पद्धत
* टेंभू उपसा सिंचन योजना