खुनी ठाऊक असताना

रहस्यकादंबरीवर जाणकारांचा एक जुना आक्षेप आहे. तो इतक्यांदा उगाळला गेला आहे की आता रहस्यकथा आवडीने वाचणारेही तो मुकाट्याने मान्य करतात. आक्षेप असा, की ही पुस्तकं एकदाच वाचायची. खुनी कळला की पुस्तकात काही उरत नाही. ते प्रवासात वाचावं आणि गाडीतच विसरून यावं. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यान्‌पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, तरी ‘टाइमपास’ हा शिक्का काही पुसला गेला नाही.

या पक्षाचा सर्वांत फटकळ वकील म्हणजे अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन. 1944 मध्ये त्यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये रहस्यकथांची टर उडवली. चिडलेल्या वाचकांची पत्रं आली, त्यांत ‘ही तरी वाचून पाहा’ अशा शिफारशी होत्या. विल्सननी त्यातली काही पुस्तकं वाचली आणि 1945 च्या जानेवारीत पुन्हा तोच निकाल दिला. लेखाचं शीर्षकच विचारत होतं, की रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारलं याची पर्वा आहे कोणाला? खोकंभर भुसा उपसून तळाशी चार वाकडे, गंजके खिळे हाती लागावेत, तसं हे वाचन आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे 1948 मध्ये कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनीही मागच्या दाराने हाच मुद्दा मान्य केला. ते स्वतः रहस्यकथांचे व्यसनी. पण वाचून झाली की गोष्ट विसरतो, पुन्हा वाचावीशी वाटत नाही, अशी त्यांची कबुली. निंदक आणि भक्त या दोघांची साक्ष जुळल्यावर खटला बंद व्हायचाच.

आक्षेपातलं खरं तेवढं आधी मान्य करून टाकू. रेल्वेच्या वेळापत्रकावर आणि बंद खोलीच्या कुलपावर उभ्या असलेल्या पुष्कळ कादंबऱ्या उत्तर कळताच गतप्राण होतात. पण फसलेली सुनीतं वाचून कोणी सुनीत या प्रकाराचा निकाल लावत नाही. प्रकार जोखायचा तो त्यातल्या उत्तम पुस्तकांवरून, आणि तेही ती नीट वाचून. विल्सनची बाजू नेमकी इथेच लंगडी पडते. शीर्षकात नाव अ‍ॅगाथा ख्रिस्तींच्या कादंबरीतल्या अ‍ॅक्रॉइडचं, परीक्षण मात्र भलत्याच पुस्तकांचं! त्यातलं प्रमुख म्हणजे डोरोथी सेयर्स यांचं 1934 चं ‘द नाइन टेलर्स’. या पुस्तकात चर्चच्या घंटा वाजवण्याच्या शास्त्राचं जे सविस्तर वर्णन आहे, त्यातला बराच भाग आपण गाळला, असं विल्सन स्वतःच सांगतात.

यापुढे दोन पुस्तकांचं रहस्य फुटणार आहे. ‘द नाइन टेलर्स’ आणि ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ज्यांना अजून वाचायची आहेत, त्यांनी लेख इथेच मिटावा.

विल्सननी गाळला त्याच भागात खून आहे. 31 डिसेंबरच्या रात्री बर्फात सेयर्स यांचे गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी यांची मोटार खड्ड्यात जाते आणि ते एका खेड्यातल्या चर्चच्या आश्रयाला येतात. गावात फ्लूची साथ. घंटा वाजवणाऱ्या आठ जणांपैकी एक अंथरुणाला खिळलेला, म्हणून विम्झी त्याच्या जागी दोर हातात घेतात. आठ घंटा क्रम बदलत बदलत वाजत राहतात, नऊ तास, 15,840 फेरे. पहिल्या वाचनात हा सगळा प्रकार म्हणजे ग्रामीण इंग्लंडचं एक ऐसपैस, थोडं लांबलेलं चित्र वाटतं. शेवटी कळतं, की त्या रात्री वर घंटांच्या खोलीत एक माणूस बांधून ठेवलेला होता आणि त्या अखंड नादानेच त्याचा जीव घेतला. त्याला तिथे बांधणारा तोच, जो तापाने पडला. (आवाजाने माणूस असा मरतो का, हे डॉक्टरांनी ठरवावं.) म्हणजे हौसेने मदतीला धावलेला गुप्तहेरच नकळत मारेकऱ्यांपैकी एक झाला. हे ठाऊक असताना पहिलं प्रकरण पुन्हा वाचून पाहावं. पाद्रीबुवांचा आनंद, विम्झींचा उत्साह, फेऱ्यांची मोजदाद, कशातलंही अक्षर बदललेलं नसतं आणि तरी अंगावर काटा येतो. हा काटा पहिल्या वाचनात येणं शक्यच नाही.

अ‍ॅक्रॉइडची गोष्ट याहून बारीक कलाकुसरीची. अ‍ॅगाथा ख्रिस्तींच्या 1926 च्या या कादंबरीत कथा सांगणारे डॉ. शेपर्ड हेच खुनी. ते खोटं जवळजवळ बोलतच नाहीत. अ‍ॅक्रॉइडच्या खोलीत पत्र आलं तेव्हा नवाला वीस मिनिटं होती, आपण निघालो तेव्हा दहा, दारावर हात ठेवून आपण मागे वळून पाहिलं आणि काही करायचं राहिलं नाही ना याचा विचार केला, असं ते प्रामाणिकपणे नोंदवतात. मधल्या दहा मिनिटांबद्दल फक्त मौन. पुढे प्रेत सापडल्यावर नोकराला पोलिसांना फोन करायला पिटाळून ते जरुरीचं तेवढं उरकून घेतात. ‘जरुरीचं’ म्हणजे मृताचा आवाज ऐकवणारं यंत्र बॅगेत टाकणं आणि पुढे ओढलेली खुर्ची जागेवर सारणं! शेवटच्या प्रकरणात हे डॉक्टर आपल्या अशाच वाक्यांकडे स्वतः बोट दाखवतात आणि लेखक म्हणून खूश होतात. पुस्तकच वाचकाला मागे धाडतं. ज्या कादंबरीचा शेवट ‘आता पुन्हा वाचा’ असं बजावतो, तिलाच एकदा वाचून टाकण्याच्या कादंबरीचा नमुना म्हणून शीर्षकात बसवणं हा निष्काळजीपणा झाला.

ख्रिस्तींचं गद्य सपक आहे, हीही विल्सनची तक्रार. अ‍ॅक्रॉइडपुरता तो सपकपणा कामाचा आहे. खेड्यातल्या डॉक्टरच्या कोरड्या, नेमक्या भाषेवर कोण संशय घेणार? दुसऱ्या वाचनात त्याच भाषेमागचा घाबरट आणि आत्मसंतुष्ट माणूस दिसायला लागतो, आणि भोचक बहिणीला तो इतका का जपतो तेही.

कोणी म्हणेल, मग वर सावधगिरीची सूचना कशाला दिली? कारण दुसरं वाचन पहिल्यावरच उभं असतं. आधी फसलेला असतो, त्यालाच आपण कुठे फसलो हे शोधण्याची गोडी लागते. आणि निव्वळ नावाचं कुतूहल हाच सगळा रस असता, तर फ्रान्सिस आइल्सच्या 1931 च्या ‘मॅलिस अफोरथॉट’ला वाचकच मिळाला नसता. तिथे डॉक्टर बायकोला मारायचं ठरवतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं आहे.

ऑडेन विसरत असत, तो त्यांच्या स्वभावाचा भाग. त्याला साहित्यशास्त्राचा नियम करू नये. विल्सनबाबत मात्र एवढंच म्हणता येईल, की साक्षीदाराची अर्धी जबानी न ऐकता त्यांनी निकाल दिला. अ‍ॅक्रॉइडची प्रत घरात असेल, तर चौथं आणि पाचवं प्रकरण खुनी ठाऊक असताना पुन्हा वाचा, आणि मग ठरवा.