काट्याची दोन घराणी

नगर तालुक्यातल्या एका वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, जुनी विलीज जीप उभी असते. सुरू होते, धावतेही. पण काटा शून्यावरून हलायला तयार नाही. मालकाने निदान आधीच करून ठेवलेलं होतं, "केबल तुटली असणार."

मिस्त्रींनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "मग आकडे कसे पळतायत, दादा? केबल गेली असती तर दोन्ही मेले असते."

मीटरची सगळी कुळकथा या एका वाक्यात आहे. आपण 'मीटर' म्हणतो तो डबा एक, केबल एक, पण आत दोन वेगळी यंत्रं भाडेकरूंसारखी राहतात. किती चाललो हे सांगणारं एक, किती वेगात चाललोय हे सांगणारं दुसरं. त्यांच्या वयात जवळपास दोन हजार वर्षांचं अंतर आहे.

थोरलं घराणं आकड्यांचं. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्याचा आराखडा लिहून ठेवला. गाडीचं चाक एका फेऱ्यात साडेबारा फूट जातं. चारशे फेरे म्हणजे पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल. चाकाला एकच दात, तो चारशे दातांच्या चक्राला दर फेऱ्याला एक दात पुढे ढकलतो. चक्राचा फेरा पुरा झाला की वरच्या भोकातून एक खडा खालच्या भांड्यात पडतो. मुक्कामाला खडे मोजायचे. जीपमधले आकडे याच वंशातले: इथेही दात दातांना ढकलतात, एका चाकाचा फेरा पुरा झाला की शेजारचं एक घर सरकतं. फक्त खडे पडायचे थांबले.

मधल्या काळात हे घराणं आपल्याकडेही येऊन गेलं. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, त्या काळातले इंग्रज मोजणीदार एकचाकी ढकलगाडी घेऊन देशभर रस्ते मोजत होते. दांड्याला धरून चाक ढकलायचं, तबकडीवर अंतर वाचायचं. चालणाऱ्याचे पाय दुखले तरी चाक फेरा चुकत नव्हतं. अर्थात खड्ड्यात उतरून वर चढलेलं अंतरही ते इमानाने मोजायचं, तो भाग वेगळा.

धाकटं घराणं काट्याचं, आणि त्याची गोष्ट जास्त मजेची. 1824 च्या सुमारास फ्रान्समध्ये अरागो या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की फिरत्या तांब्याच्या तबकडीवर टांगलेली चुंबकसुई तबकडीच्या मागे ओढली जाते. तांबं तर चुंबकाला चिकटत नाही, मग ओढतं कोण? उत्तर फॅरडेने दिलं: चुंबक आणि धातू यांत हालचाल असली की धातूत वीज भोवऱ्यासारखी फिरू लागते आणि तीच ओढते. 1902 मध्ये ओटो शुल्झे या जर्मन माणसाने हीच ओढ गाडीत बसवली आणि पेटंट घेतलं.

जीपमध्ये ट्रान्सफर केसमधून निघालेली केबल मीटरमधला चुंबक गरागरा फिरवते. त्याच्याभोवती अॅल्युमिनियमचा छोटा पेला, दोघांत फट, स्पर्श कुठेच नाही. चुंबक पेल्याला ओढू बघतो, घड्याळातल्यासारखी बारीक स्प्रिंग त्याला मागे धरते, आणि ही रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते तिथे काटा थांबतो. गाडीचा वेग दाखवणारा हा काटा चाकांना कुठेच जोडलेला नाही!

घराणी वेगळी, म्हणून आजारही वेगळे. दोन्ही बंद असतील तर केबल किंवा तिला फिरवणारा गिअर बघायचा. केबल मीटरमागून सोडायची, जीप न्यूट्रलला टाकून दोघांनी ढकलायची आणि तारेचं चौकोनी टोक फिरतंय का ते पाहायचं. काटा बरोबर पण आकडे अडलेले, तर आतले दात झिजलेत. काटा नाचत असेल तर केबल कोरडी पडलीय, नाहीतर कुठेतरी जास्त मुरगळलीय. मग माणसं उत्साहाने ग्रीस कोंबतात. ते तारेवरून चढत मीटरात जातं, पेला बरबटतो, आणि उभी असल्यासारखी चाललेली जीपही ताशी चाळीस दाखवू लागते. टायर दहा टक्के मोठे टाकले तर काटा आणि आकडे दोन्ही कमी सांगतात, आणि त्यात मीटरचा काहीच दोष नसतो.

'काटा' हा शब्दही बघण्यासारखा आहे. बाभळीचा, घड्याळाचा, तराजूचा. आमच्या जिल्ह्यात तर काटा म्हटलं की आधी उसाचा आठवतो. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग एकामागून एक. तेव्हापासून शेतकऱ्याची एक नजर कायम वजनकाट्यावर. 'काटा मारणे' म्हणजे वजनात फसवणे. गाडीच्या बाजारात 'मीटर मागे घेतलं' म्हणतात, प्रकार तोच.

वस्तीवरच्या त्या जीपचा पेला आसावर धूळ आणि वाळलेल्या ग्रीसने जाम झाला होता. मिस्त्रींनी तो रॉकेलच्या थेंबाने पुसला, स्प्रिंगला मात्र बोट लावलं नाही. "ती वाकली की मग मीटर नाही, अंदाज," म्हणाले.

आता हिशेब पडताळायचा होता, तर आणखी एक पंचाईत. तबकडी मैलांची, रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी आली तेव्हा या रस्त्यावर मैलच होते, दशमान पद्धतीचा कायदा 1956 मध्ये आला आणि किलोमीटर हळूहळू नंतर. मिस्त्रींनी पुणे रस्त्याला गाडी घातली. एका दगडापाशी मीटर वाचलं आणि पुढचे दगड मोठ्याने मोजत निघाले. आठव्या दगडाशी जीप थांबवून त्यांनी वाकून आकडा पाहिला.

"पाच. गाडी घ्या माघारी."