हिरव्या लाकडाचे धनुष्य

ताज्या तोडलेल्या, अजून न वाळलेल्या लाकडातून कोयता आणि सुरी एवढ्या हत्यारांनिशी घडवलेले अखंड धनुष्य. रानात अडकून पडल्यास किंवा वादळानंतरच्या आणीबाणीत हाताशी असलेल्या फांदीतून ते काही तासांत करता येते. वाळलेल्या लाकडाच्या धनुष्यापेक्षा ते कमजोर असते आणि लवकर ‘बसते’, म्हणजे दोरी उतरवली तरी वाकलेलेच राहते. भुजांची पुरेशी लांबी-रुंदी, वाक जुळवताना धरलेला धीर आणि वाळवणीला दिलेला वेळ या तीन गोष्टींवर त्याचे यश ठरते. लाकडाची जात त्यानंतर येते. या नोंदीत साहित्याचा विचार मुख्यतः चेन्नई आणि कोरोमंडल किनाऱ्याच्या संदर्भात केला आहे.

भाग : मधला धरण्याचा भाग म्हणजे मूठ. तिच्या दोन बाजूंना वाकणाऱ्या भुजा आणि त्यांच्या टोकांना दोरी अडकवण्याच्या खाचा असतात. लक्ष्याकडे असलेली बाजू ती पाठ आणि धनुर्धराकडे असलेली ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. धनुष्य घडवण्याचे सगळे नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात.

पूर्वपीठिका : डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत सापडलेली एल्म लाकडाची धनुष्ये सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची असून त्यांच्या भुजा रुंद आणि चपट्या आहेत. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ यू झाडाचे १.८२ मीटर लांबीचे अर्धवट तासलेले धनुष्य होते. त्याच्या भात्यातील १४ बाणांपैकी १२ अपुरेच होते. प्रवासात नवे धनुष्य घडवत असतानाच त्याला मृत्यूने गाठले.

भारतात कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग यांची धनुष्ये, तसेच मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेळू आणि स्नायू यांच्या दोऱ्या सांगितल्या आहेत. यांपैकी वेळूची दोरी सातपुड्यातील भिल्लांच्या तीरकामठ्यात टिकून राहिली आहे. त्यांचा कामठा बांबूचा असतो आणि दोरीही बांबूच्याच सालपट्टीची. चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या मामल्लपुरमच्या महिषासुरमर्दिनी गुहेतील सातव्या शतकातील शिल्पात सिंहारूढ दुर्गा धनुष्य ओढून महिषासुरावर चालून जाताना दिसते.

दगडी हत्यारांचा इतिहास या परिसरात धनुष्याहून कितीतरी जुना आहे. चेन्नईजवळच्या पल्लवरम येथे १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांना दगडी हातकुऱ्हाड सापडली. हिरवे लाकूड मऊ असल्याने दगडाच्या धारेनेही ते तासता येते, आणि हत्यारे तोकडी असताना हाच त्याचा मोठा फायदा ठरतो.

हिरव्या लाकडाचे गुणधर्म : ताज्या लाकडात बहुधा त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असते, काही जातींत ते कोरड्या वजनाइतके किंवा त्याहूनही जास्त भरते. आधी पेशींच्या पोकळीतले पाणी निघून जाते. हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरले की पेशीभित्तींतले पाणी कमी होऊ लागते आणि तेव्हापासून लाकूड आकसते, ताठ होते व बळकट बनते. १२ टक्क्यांपर्यंत वाळलेले लाकूड हिरव्याच्या जवळजवळ दुप्पट दाब सोसते. हिरव्या धनुष्याचे पोट हा दाब सोसू शकत नाही. तिथले तंतू चेपतात आणि धनुष्य बसते.

यावर उपाय जाडी वाढवणे हा नव्हे. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सम प्रमाणात, तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट केली तर भुजा दुप्पट ताठ होते, जाडी दुप्पट केली तर आठपट. पण जाड भुजा तेवढीच वाकवली तर तिच्या पृष्ठभागावर ताण आणि दाबही जास्त येतो. म्हणून हिरव्या लाकडाचे धनुष्य लांब, रुंद आणि चपटे ठेवतात, व त्याची ओढ १० ते १५ किलोग्रॅमच्या आतच राखतात.

लाकडाची निवड : चेन्नईच्या आसपास सर्वांत सहज मिळणारी सरळ काठी म्हणजे सुरूची (तमिळ : सवुक्कु). मद्रास इलाख्यात एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या सरपणासाठी तिच्या लागवडीला चालना मिळाली. आज मांडव आणि परांची यांसाठी सुरूच्या बल्ल्या वापरतात. लाकूड जड व ताठ असते, पण वाळताना तडकते आणि पिळते, त्यामुळे ते सावकाश वाळवावे लागते. बांबूचे तंतू सालीकडे दाट असतात. त्याची फाक सरळ निघते व काम झटपट होते, म्हणून नवशिक्याने बांबूपासून सुरुवात करावी. चिंचेची कोवळी सरळ फांदी चिवट असते, मात्र तिच्यात गाठी पुष्कळ. पूर्व घाटात आणि सह्याद्रीत आढळणारी धामण धनुष्यासाठी पूर्वापार नावाजलेली आहे. तिच्या सालीचा वाख दोरीलाही चालतो. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष असला तरी त्याचे धनुष्य जून खोडाच्या बाहेरच्या कठीण भागातून काढावे लागते. ते घाईचे काम नव्हे. गुलमोहोराचे लाकूड ठिसूळ असल्याने ते टाळावे.

झाड तोडण्यापेक्षा पडलेल्या झाडाची फांदी घेणे केव्हाही चांगले. १२ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईजवळ धडकलेल्या वरदा चक्रीवादळात शहरातील हजारो झाडे उन्मळून पडली होती. अशा वेळी हवे तेवढे हिरवे लाकूड मिळते, पण फांदी नीट पाहून घ्यावी लागते. वादळात पिळवटलेल्या फांदीच्या आत आडवी चीर असू शकते आणि ती साल काढल्याशिवाय दिसत नाही.

कृती : उभ्या माणसाच्या उंचीइतकी, म्हणजे १५० ते १७० सेंमी लांब आणि मध्यभागी ४ ते ५ सेंमी जाड, शक्य तितकी बिनगाठीची काठी निवडतात. जाड ओंडका मिळाला तर तो उभा फाडून ५ सेंमी रुंदीच्या चपट्या भुजा काढाव्यात. त्या जास्त टिकतात.

काठीचे एक टोक जमिनीवर टेकवून वरचे टोक सैल हातात धरावे आणि मध्यावर हळूच दाब द्यावा. काठी हातातल्या हातात फिरते आणि तिची नैसर्गिक बाकाची बाजू आपोआप बाहेर येते. ही बाहेरची बाजू पाठ धरावी. पाठीवर पुढे एकदाही सुरी लावायची नाही. तिथला एक तंतू जरी आडवा कापला गेला, तरी ताणाखाली तिथूनच चिरफळी उठते आणि धनुष्य मोडते. सगळे लाकूड पोटाच्या बाजूनेच तासायचे.

मध्यावर सुमारे १२ सेंमीची मूठ जाडच ठेवतात. तिथून टोकापर्यंत पोट सपाट करत जाडी हळूहळू उतरवतात. गाठीजवळ थोडे जास्त लाकूड राखतात. दोन्ही टोकांना फक्त बाजूंनी उथळ खाचा घेतात. खाच पाठीवर नेली की टोक उभे फाटते.

त्यानंतरचे काम वाक जुळवण्याचे. मुठीच्या मध्याला धनुष्य खुंटीवर टेकवतात, सैल दोरी बांधून ती खाली ओढतात आणि दोन-तीन पावले मागे सरून दोन्ही भुजा न्याहाळतात. जिथे भुजा सरळच राहते ती जागा ताठ असते. तिथे कोळशाने खूण करून तेवढेच खरवडतात. जिथे ती जास्त वाकते त्या जागेला हात लावत नाहीत. फुटकी काच किंवा सुरीची उभी धार खरवडायला पुरते. दर वेळी खरवडल्यावर धनुष्य वीस-तीस वेळा थोडेथोडे ओढतात, कारण लाकडाने नवा वाक घेतल्याशिवाय पुढचा दोष दिसत नाही. दोष दिसेल इतकेच ओढावे, त्यापुढे नाही. दोन्ही भुजा सारख्या कमानीत आल्या की दोरी चढवतात. दोरी आणि मूठ यांत सुमारे १५ सेंमी अंतर पुरते. मूठ वळून अंगठा उभा धरला की तेवढे अंतर मोजले जाते. हिरवे धनुष्य ५५ ते ६० सेंमीपलीकडे ओढू नये.

दोरी : दोरी न लांबणारी हवी. चेन्नईत नारळाचा काथ्या सगळीकडे मिळतो, पण ताणला की तो लांबतो, त्यामुळे प्रत्यंचेला निरुपयोगी. ताग, अंबाडी, घायपात आणि रुई (तमिळ : एरुक्कु) यांचे वाख चांगले. कोरोमंडल किनाऱ्यावर वाढणारी सान्सेव्हिएरिया रॉक्सबर्गियाना (तमिळ : मरुळ) तिच्या पानांतील बळकट धाग्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पती’ या ग्रंथाचे कर्ते विल्यम रॉक्सबर्ग यांचे नाव तिला दिले आहे. वाखाच्या दोन पेडांना एका दिशेने पीळ देऊन ते उलट दिशेने एकमेकांभोवती वळतात. दोन पीळ परस्परांना धरून ठेवत असल्याने दोरी उलगडत नाही. मेण चोळल्यास दमट हवेत ती जास्त टिकते.

वाळवणी : गरज भागली की दोरी उतरवून धनुष्य वाळत घालावे. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने उडते आणि तडे तिथूनच सुरू होतात, म्हणून टोकांना मेण, रंग किंवा डिंक लावतात. पिळू नये म्हणून ते सरळ फळीला बांधतात. चेन्नईच्या एप्रिल-मेच्या उन्हात ठेवू नये. सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून उंच ठेवावे. सुमारे ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत लाकूड १३ टक्क्यांच्या आसपास पाणी राखून स्थिरावते. ओबडधोबड तासून ठेवलेल्या धनुष्याला यासाठी साधारण दोन-तीन आठवडे लागतात, ईशान्य मोसमी पावसाच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्याहून जास्त. दर काही दिवसांनी वजन करावे. ते उतरायचे थांबले की लाकूड वाळले. मग पुन्हा वाक जुळवतात, कारण वाळल्यावर भुजा ताठ होतात आणि त्यांची कमान बदलते. वेळ असेल तर पूर्ण ओढ वाळवणीनंतरच घ्यावी. त्याने धनुष्य बसण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

बाण : सरळ बोरू किंवा बारीक बांबू पुरतो. वाकडा भाग आचेवर धरून सरळ करतात, टोक तासून निखाऱ्यावर कडक करतात आणि मागे कोंबडीची तीन पिसे किंवा ताडपत्राचे तुकडे बांधतात. वजन पुढच्या अर्ध्यात जास्त असेल तर बाण सरळ जातो. दहा-पंधरा मीटरपलीकडे नेमाची अपेक्षा ठेवू नये.

दक्षता : बाणाशिवाय दोरी सोडू नये, कारण बाणात जाणारी सगळी शक्ती भुजांवर उलटते व धनुष्य मोडते. चढवलेल्या दोरीनिशी ते तसेच ठेवू नये. वापरण्यापूर्वी दर वेळी पाठीवर बोट फिरवून पाहावे. चिरफळी लागली तर ते धनुष्य बाद करावे.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट समावेश असून वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. चेन्नई शहरातच २.७ चौ. किमी क्षेत्राचे गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे धनुष्य घेऊन जाणे किंवा फांदी तोडणे गुन्हा ठरतो. सराव खासगी जागेत, मागे मातीचा उंच बांध किंवा गवताच्या पेंढ्या रचूनच करावा.

उपयोग व मर्यादा : अन्नासाठी हिरव्या धनुष्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण नेम साधण्यास लागणारा सराव संकटाच्या वेळी करता येत नाही. मात्र हातभर लांबीच्या हिरव्या फांदीला सैल दोरी बांधून केलेल्या छोट्या धनुष्याने लाकडी दांडा घुसळून विस्तव पाडता येतो. त्याला ताकद फारशी लागत नाही आणि लाकूड वाळण्याची वाटही पाहावी लागत नाही. घुसळण्याचा दांडा आणि खालची फळी मात्र कोरडी हवी. म्हणून आणीबाणीत हे छोटे धनुष्य आधी शिकावे, बाण सोडणारे त्यानंतर. हे दोन्ही चांगल्या दिवसांत हाताने करून पाहिलेले असतील, तरच अडचणीच्या वेळी उपयोगी पडतात.