छऱ्यांच्या बंदुकीचा कालनिर्णय

वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांतून निघणारी छऱ्यांची बंदूक पुष्कळदां अडगांवच्या (२९ नोव्हेंबर १८०३) किंवा गाविलगडच्या (१५ डिसेंबर १८०३) संग्रामांतील म्हणून दाखविली जाते. संग्राहकानें ती भरलेली नाहीं अशी खात्री करून नळीचा अंतर्व्यास तोंडाशीं व वीतभर आंत असा दोनदां मोजावा. तोंड किंचित् आवळून छर्रे एकवट राखण्याची ‘चोक’ ही युक्ति न्यूकॅसलच्या पेप यानें १८६६ त पेटंट केली व नंतरच ती रूढ झाली. अमेरिकेंत रानटर्कीच्या मस्तकावर नेम धरणारा नवशिका आजहि आवळ चोक निवडतो, कारण त्यानें ४० यार्डांवर सुमारें ७० टक्के छर्रे ३० इंची वर्तुळांत पडतात. सारांश, मूळचा चोक आढळल्यास बंदूक १८०३ ची मानूं नये. न आढळल्यास तेवढ्यानेंच प्राचीनता सिद्ध होत नाहीं.