दोन सह्यांचा दस्त

ज्या काळी ब्रिटिश मुलखातील हिंदू पतीला आपली स्वकष्टार्जित जमीन पत्नीस न विचारता बक्षीसपत्राने भावाच्या नावे करून देता येत असे, आणि पतिगृह सोडावे लागलेल्या स्त्रीच्या हाती पोटगीच्या दाव्यापलीकडे क्वचितच काही उरत असे, त्याच काळी शेजारच्या गोमंतकात एक निराळी तजवीज अमलात आली होती. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली. वेगळा करार नसल्यास विवाहासरशी उभयतांची मिळकत समाईक होई, आणि घर असो वा कुळागर, पत्नीच्या संमतीवाचून पतीला ते विकता येत नसे. बेबनावानंतर पळविलेली मालमत्ता शोधत कचेऱ्या झिजविण्यापेक्षा पळविण्याची वाटच आधी अडविणारी ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. कारण त्या संहितेत घटस्फोट नव्हताच, तो १९१० मध्ये आला; तोवर बेबनाव झाला तरी विवाहबंध सुटत नसे, म्हणून मिळकत आधीच राखणे अगत्याचे होते. मात्र कारभार पतीकडेच राहिला, आणि रोकड, सोनेनाणे अशी जंगम चीजवस्त तो एकट्याने हलवू शकत असे. कित्येकींचा अर्धा वाटा या फटीतून निसटला असेल, हे शल्य उरतेच. १९६१ च्या मुक्तीनंतरही तो कायदा चालू राहिला, आणि गोव्यातील खरेदीखतावर विकणाऱ्याच्या सहीशेजारी त्याच्या पत्नीची सही लागतच राहिली.