कासरोगाचे पांच प्रकार व जुन्या पत्रांचा अर्थ

जुन्या पत्रांत ‘खोकला व उरांत शूळ’ असा मजकूर आढळला, कीं तो क्षयच, असा तर्क सहज केला जातो. वैद्यकाच्या पोथ्या मात्र या तर्कास अनुकूल नाहींत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा १८ वा अध्याय कासाचा आहे. त्यांत वातज, पित्तज, कफज, क्षतज व क्षयज असे पांच प्रकार सांगितले असून माधवनिदानांतही हीच गणना आहे. वातजांत कोरडा खोकला येऊन ऊर व बरगड्या दुखतात. क्षतजाचें कारण अतिभार, अतिश्रम किंवा झुंज. त्यांत प्रथम कोरडी ढांस, मागाहून रक्त, आणि उरांत सुया टोंचल्यासारखी वेदना. क्षयजांत थुंकी पुवासारखी व दुर्गंधियुक्त असते. म्हणजे निर्णय केवळ शूळावरून नव्हे, तर कारण व थुंकी यांवरून करावयाचा. उपचारही भिन्न: वातजांत औषधी घृतें, बलवान् कफरोग्यास वमन, क्षतज तर तातडीचा मानिला आहे.

क्षयजंतूचा शोध रॉबर्ट कॉख यानें इ. स. १८८२ सालीं प्रसिद्ध केला. यास्तव प्राचीन ‘क्षयज’ कास म्हणजे आजचा क्षयरोगच, असें गृहीत धरूं नये.

पत्राची नक्कल घेतांना ज्वर, थुंकीचा रंग, औषध व अनुपान यांचे उल्लेख गाळूं नयेत. रोगनिर्णयाचा पुरावा त्यांतच असतो. पोथींतील पाठ इतिहासासाठीं. उरांत दुखून खोकल्यांतून रक्त पडल्यास आजही त्वरा हाच नियम. ती मात्र डॉक्टरांकडे जाण्याची.